सरांची पेशी

सरांनी मला ज्युनियर म्हणून ठेवून घेतलं ते माझे मार्क बघून नाही. मी पुढे केलेली फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "दीक्षितपुऱ्यातली ना तू? मराठी बोलता येते?"

"समझ लेती हूँ, सर. घरात आई-बाबा बोलतात. मी... थोडी थोडी."

"थोडी थोडी चालेल. उद्यापासून ये. फक्त माझ्याशी हिंदी बोलायचं नाही."

याचं कारण मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. सर ख्रिस्ती होते. त्यांचे आजोबा अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीत जबलपूरला आले आणि इथलेच झाले. चर्चमधली उपासना हिंदीत, कोर्ट हिंदीत, बायको छत्तीसगढची, तिच्याशीही हिंदीच. आई गेल्यापासून त्यांच्या आयुष्यात मराठी बोलणारं माणूस उरलं नव्हतं. आणि सरांची पक्की समजूत होती की मेल्यानंतर देवापुढे जो न्याय होतो, तो ज्याच्या त्याच्या आईच्या भाषेत होतो.

"ऐन वेळी मला शब्दच सुचला नाही तर?" त्यांनी मला विचारलं. "म्हणून सराव करून राहिलो."

मला हसू आलं. सर हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस नीट बघण्यासारखा आहे. आज मी जी मराठी लिहिते आहे तिच्यातली निम्मी त्या सरावात शिकले.

जिल्हा कोर्टात सरांचं नाव होतं, पण दराऱ्याचं नव्हतं. उंच, काटकुळे, कोटाची कॉलर उन्हानं हिरवट पडलेली. ते कमी बोलायचे, आणि त्याला कारण होतं. माणसानं तोंडातून काढलेल्या प्रत्येक फुकट शब्दाचा जाब त्या दिवशी द्यावा लागेल, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. चर्चमधली बाकीची मंडळी हे ऐकायची आणि घरी जाऊन रविवारचं मटण जेवायची. सरांनी ते मनाला लावून घेतलं होतं. एखादा शब्द निसटलाच, तर ते तो तिथल्या तिथे मोठ्यानं मागे घ्यायचे.

एकदा भाजीवालीला म्हणाले, "तेरी भिंडी हमेशा पकी हुई रहती है." आम्ही पुढे निघालो, चार दुकानं गेलो, आणि सर परत फिरले. "हमेशा नहीं. आज की. पहला वाक्य वापस." भाजीवालीला ते पाठ होतं. तिनं नुसती मान हलवली.

कोर्टात तर एकदा अनर्थच झाला. समोरच्या वकिलाचा उल्लेख करताना रिवाजाप्रमाणे 'मेरे विद्वान मित्र' असं बोलून गेले. मग थांबले, विचारात पडले आणि म्हणाले, "हुजूर, 'विद्वान' शब्द वापस लेता हूँ." भर कोर्टात हशा. तो वकील लालबुंद. सर मला बाहेर आल्यावर म्हणाले, "अपमान काहून? तो विद्वान आहे की नाही हे मला खरंच माहीत नाही ना."

त्यांच्या बायकोला मी आंटी म्हणायचे. त्या एका मिशन हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झाल्या होत्या, बुटक्या, ठसठशीत, कुणाला न भिणाऱ्या. म्हणायच्या, "बेटा, इतने साल हो गए शादी को. मैं पूछूँ कि मैं कैसी लग रही हूँ, तो कहते हैं, किसकी तुलना में?"

दर रविवारी दुपारी त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब सरांकडे चहाला यायचे. सरांना प्रवचन नको असायचं, त्यांना कामकाजाची पद्धत समजून घ्यायची असायची. मेल्यावर लगेच पेशी होते, म्हणजे न्यायासनापुढे उभं केलं जातं, की सगळ्यांची एकदम, शेवटल्या दिवशी? पाळकसाहेब सांगायचे, आत्म्याचं काय ते लगेचच ठरतं, आणि शेवटल्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा न्याय सगळ्यांसमक्ष होईल.

"म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी नंतर?"

पाळकसाहेब बिस्किट चहात बुडवायचे.

त्यांचं समाधान व्हायचं नाही म्हणून सर दुसऱ्यांना गाठायचे. एका शाळेतले कॅथलिक फादर म्हणाले, धड वाईटही नाही आणि धड पवित्रही नाही अशांसाठी मध्ये एक शुद्धीची जागा असते, तिथे तावून सुलाखून मग वर. सरांना ते आवडलं. "सश्रम आहे, पण मुदतीची आहे," ते मला म्हणाले. आणखी एका पंथाचे एक गृहस्थ म्हणाले की मेलेला माणूस त्या दिवसापर्यंत गाढ झोपतो, त्याला काही कळत नाही. त्यावर सर आठवडाभर खूष होते. डोळा मिटला की थेट पुकारा. वाट बघायचा त्रास नाही.

पण गाठी सुटत नव्हत्या. ज्यांनी ख्रिस्ताचं नावच कधी ऐकलं नाही, त्यांचं काय? "ज्याला नोटीसच मिळाली नाही, त्याच्यावर एकतर्फी निकाल कसा लागेल?" आणि सगळ्यांत मोठी गाठ ही, की त्या दिवशी न्यायासनावर ख्रिस्त बसणार, आणि माणसाची बाजू मांडणारा कैवारीही तोच. "जो वकील, तोच न्यायाधीश! आपल्या कोर्टात असं झालं तर मी त्याच दिवशी हरकत घेईन."

आंटी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दोनों तरफ़ अपना ही आदमी बैठा है, तो आप डर किस बात से रहे हो?"

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हा मुद्दा मी घेतला नव्हता."

माझ्या घरी हे सगळं मी सांगायचे. आई म्हणायची, "आपल्यात बाई एवढी घाई नसते. या जन्मी नाही तर पुढच्या." मी ते सरांना सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला. "तुम्हा लोकांचं बरं आहे. पुढची पेशी मिळते. आमची एकच."

कब्रस्तानातली त्यांची गोष्ट तर वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांना माहीत होती. आंटींनी दोघांसाठी जागा बघून ठेवली होती. ख्रिस्ती माणसाला पाय पूर्वेकडे करून पुरतात, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठून उभा राहिला की तोंड उगवतीकडे, येणाऱ्या प्रभूकडे. सर एका दुपारी एकटेच गेले आणि खात्री करायला त्या जागेवर उताणे झोपले. चौकीदारानं बघितलं, ओरडत फाटकाकडे पळाला. सर कपडे झटकत बाहेर आले आणि त्याला समजावून सांगितलं की मधे निलगिरीचं झाड येतं, समोरचं काहीच दिसत नाही.

पक्षकारांसाठी सरांचा एकच नियम होता. तू केलंस की नाही, हे मला सांगायचं नाही. कुणी रडत रडत बोलू लागला की ते हात वर करायचे. "वो वहाँ बताना. यहाँ सिर्फ़ काग़ज़ दिखाओ." मला त्यांनी ते नीट फोड करून सांगितलं होतं. इथलं कोर्ट पुरावा बघतं, सत्य बघायचं त्याचं कामच नाही. सत्याचं कोर्ट वेगळं आहे, त्याची वेळ येईल. दोन कोर्टांची कामं एकात कालवायची नाहीत. सर शांत झोपत असतील तर ते या वाटणीच्या भरवशावर.

ती वाटणी मूलचंदनं मोडली.

मूलचंद भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती घडवायचा. मी वकील होण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावर खुनाचा खटला झाला होता. बिहारी नावाचा त्याचा भागीदार आणि तो, दोघं एकाच दुकानात काम करायचे. एके सकाळी दोघं नर्मदेवरच्या कड्यावर उभे असताना बिहारी खाली पडला आणि बुडाला. पोलीस म्हणाले, मूलचंदनं ढकललं. सरांनी खटला लढवला आणि मूलचंद सुटला. तेव्हापासून दर नाताळाला तो सरांना काहीतरी घडवून आणून द्यायचा. ऑफिसच्या टेबलावर त्यानं केलेला येशू होता, टपोऱ्या डोळ्यांचा, ओठांवर मुरलीधरासारखं हसू असलेला. पाळकसाहेबांना तो खटकायचा. सर म्हणायचे, "ज्याला तो ओळखतो, त्याचाच चेहरा देणार ना."

त्या हिवाळ्यात मूलचंद रिकाम्या हातानं आला. दगडाची भुकटी फुफ्फुसात बसली होती. जिना चढून आल्यावर बराच वेळ त्याला बोलताच येईना. मी पाणी दिलं.

"वकील साहब," तो म्हणाला, "अस्पताल में बगल के पलंग पर आपके धरम का आदमी था. कह रहा था, मरने के बाद सबकी पेशी होती है."

"होती है," सर म्हणाले.

"जो यहाँ बरी हो गया, उसकी भी?"

सरांनी हात वर केला. मूलचंदनं त्या हाताकडे बघितलं, तरी थांबला नाही.

"धक्का मैंने दिया था, साहब. बड़े मंदिर की मूरत मैंने बनाई थी, और उसने सबको बताया कि उसने बनाई. इतनी सी बात थी."

सरांचा हात तसाच वर राहिला होता. मीच शेवटी मूलचंदला धरून जिना उतरवला आणि रिक्षात बसवलं. परत आले तर सर कोट घालून घरी निघाले होते.

तीन-चार दिवस ते कोर्टात आले नाहीत. मग आंटींचा फोन आला. "खाना नहीं खा रहे. तुम आओ, तुमसे अपनी भाषा में शायद बोलें."

सर व्हरांड्यात बसले होते. मला वाटलं होतं, एक खुनी सोडवला म्हणून ते खंतावले असतील. पण तसं नव्हतं.

"सिद्ध झालं नाही म्हणून सुटला. त्यात माझं काही चुकलं नाही, पोरी," ते म्हणाले. "पण त्या खटल्यात एक साक्षीदार होता. सुक्कू, नाववाला. तो म्हणाला, मी खालून नावेतून धक्का मारताना पाहिलं. मी त्याला उलटतपासणीत सोलून काढला. तुझ्या डोळ्यांवर ऊन होतं, तुझी नाव वळणापलीकडे होती, तू खोटारडा आहेस. भर कोर्टात, पुन्हा पुन्हा म्हणालो. आणि तो तर खरं बोलत होता ना."

"मग ते वाक्य मागे घ्या ना, सर."

"कसं घेऊ? सुक्कू खरा होता असं म्हटलं, म्हणजे मूलचंदनं ढकललं असंच म्हटलं. पक्षकाराचं गुपित वकिलाला मरेपर्यंत पोटात ठेवावं लागते. माझा शब्द त्याच्या गुन्ह्याला चिकटून बसला."

"मूलचंदलाच विचारू या. त्यानं परवानगी दिली तर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याचीच तर भीती वाटून राहिली. तो हो म्हणाला, तर जावं लागेल."

मूलचंद लगेच हो म्हणाला. सरांनी त्याला आधी कायदा सांगितला, की एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही, पण गावाचं तोंड कुणाला बंद करता येत नाही. तो म्हणाला, "क़ानून से कौन डर रहा है, साहब. मैं तो इसीलिए आया था. अकेले जाने की हिम्मत नहीं है. आप साथ चलो."

रविवारी सकाळी मी गाडी काढली. मूलचंद मागे, सर पुढे, अंगात काळा कोट.

"सर, आज सुट्टी आहे. कोट काहून?"

"ज्या कोटात बोललो, त्याच कोटात मागे घ्यायचं."

रस्ताभर ते मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. ओठ हलत होते. एकदा हिंदी, एकदा मराठी.

सुक्कू आता नाव वल्हवत नव्हता. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आपल्या मुलाच्या नावेसाठी गिऱ्हाइकांना हाका मारायचा. सरांनी त्याच्यासमोर उभं राहून कोटाची बटणं लावली आणि बोलायला सुरुवात केली. मी तुम्हाला कोर्टात खोटारडा म्हणालो होतो, तुम्ही खरं बोलत होता, मी माझे शब्द परत घेतो. मूलचंद बाजूला मान खाली घालून उभा होता. सुक्कूनं सगळं ऐकलं. एकदा सरांकडे बघितलं, एकदा मूलचंदकडे.

"पर साहब," तो म्हणाला, "मैंने तो देखा नहीं था."

"क्या?"

"मोरी नाव तो मोड़ के उस तरफ़ थी. आप ठीक कह रहे थे. ये मूलचंद ऊपर से भागता हुआ आया, मैंने इसका मुँह देखा, मैं समझ गया. बिहारी मेरा यार था. थाने में बोले, ऐसे नहीं चलेगा, कहो कि देखा. तो मैंने कह दिया."

"म्हणजे..." सर नकळत मराठीत शिरले आणि माझ्याकडे वळले. "म्हणजे मी याला खोटा म्हणालो ते खरंच होतं?"

"हओ साहब," सुक्कूनं सरांचा रोख ओळखून होकार दिला. "झूठा तो मैं था. बात सच्ची थी."

सर पायरीवर बसले. आणि मग हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, खांदे गदगदत होते. खोटी साक्ष खऱ्या गोष्टीची, खरा बचाव खोट्या माणसाचा. "याचा निवाडा कोण करणार, सांग," ते डोळे पुसत म्हणाले. "वरच्या कोर्टाचं काम लई कठीण आहे, पोरी. मी उगाच त्यांना प्रश्न विचारून राहिलो होतो." त्यांनी कोटाची बटणं काढली, आम्हा सगळ्यांना चहा मागवला. सरांचं काम झालं होतं. उरलं होतं ते मूलचंदचं.

बिहारीची बायको गेंदाबाई घाटावरच दुकान लावायची. संगमरवराचे हत्ती, दिवे, छोटी शिवलिंगं. मूलचंद तिच्यासमोर गेला आणि उकिडवा बसला. आम्ही दोन दुकानं सोडून बाकावर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मूलचंद? कितने सूख गए," ती हत्ती पुसत म्हणाली.

"भौजी, बिहारी फिसला नहीं था. मैंने धक्का दिया था."

ती किंचाळेल, मारायला धावेल, असं मला वाटलं. मी उठलेसुद्धा. पण तसं काही झालं नाही. फडकं हत्तीवर तसंच थांबलं. आणि मग तिनं जे विचारलं, ते आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"मतलब... वो कूदे नहीं थे?"

"कूदे?" मूलचंद गोंधळला. "काहे को कूदता? ऊपर जाते-जाते तो कह रहा था, सुबह भौजी से लड़ के निकला हूँ, लौटते में कुछ मीठा ले जाना पड़ेगा."

गेंदाबाईनं हत्ती खाली ठेवला. पदर तोंडाशी धरला. ती बोलायला लागली ती मूलचंदशी नव्हे, समोरच्या नदीशी. "कचहरी में एक वकील ने कहा था. कि घर में कलह थी, सुबह बीवी से झगड़ा हुआ, थाली छोड़ के निकला, कूद गया होगा. मैं वहीं बैठी थी. अम्मा भी बैठी थीं. उस दिन से अम्मा ने मुझसे बात नहीं की. एक ही घर में रहते हैं, दीवार से कहती हैं, बोल दो उसको, दाल में नमक नहीं है. और मैंने भी मान लिया था. इतना पढ़ा-लिखा आदमी बिना बात थोड़े ही कहेगा."

मी सरांकडे बघितलं. त्यांना आठवत होतं. चेहऱ्यावरून कळत होतं की ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, आणि इतक्या वर्षांत त्या वाक्याचा त्यांनी एकदाही विचार केलेला नव्हता. जुळवाजुळव करून आणलेली माफी भलत्याच माणसाला देऊन झाली होती.

ते उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "वो वकील मैं था, बहन."

तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं. कोटाकडे पाहिलं.

"आपको पता था कि वो कूदे हैं?"

"नहीं."

"फिर कहा क्यों?"

याचं उत्तर मला येत होतं. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या वकिलाला येतं. दुसरी शक्यता दाखवणं हा बचावाचा हक्क आहे, त्यावरच आरोपी सुटतो. सर तेच सांगतील म्हणून मी वाट बघत होते.

"कहने से केस बनता था," ते म्हणाले. "मैं वो बात वापस लेता हूँ."

"मुझसे क्या वापस लेते हो," गेंदाबाई उठली. "अम्मा से कहो. चलो." मग मूलचंदकडे वळली. "तेरा बाद में देखती हूँ. अभी दुकान देख. बंदर आते हैं."

आणि नवऱ्याच्या मारेकऱ्याला दुकानावर बसवून ती आमच्यापुढे चालू लागली.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. मूलचंद त्यानंतर फार जगला नाही. गेंदाबाईनं त्याला माफ केलं का, ते मला माहीत नाही. त्याच्या तेराव्याला ती गेली नाही, पण तो गेला त्या दिवशी तिनं दुकान उघडलं नाही, एवढं सुक्कूनं सांगितलं. सर कोर्टात येत राहिले. गेल्या वर्षी झोपेतच गेले. रविवारी पाळकसाहेबही शेवटपर्यंत यायचे, पण सर आता त्यांना आधी काय आणि नंतर काय हे विचारत नसत. एकच विचारायचे. "तिथे ज्याचं नुकसान झालं, तो माणूसही हजर असतो का?"

"शास्त्रात असं स्पष्ट कुठे नाही," पाळकसाहेब म्हणायचे.

"असायला पाहिजे," सर म्हणायचे. "नाही तर ते मला विचारतील, मी त्यांना उत्तर देईन, आणि तिला कळणारच नाही."

तर, गेंदाबाईचं घर घाटामागच्या गल्लीत होतं. अंगणात ऊन आलेलं. खाटेवर एक हाडकुळी म्हातारी मटार सोलत बसली होती, बिहारीची आई. गेंदाबाई दाराशीच थांबली, अंगणात पुढे गेली नाही. सर खाटेजवळ गेले, वाकले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागले.

"ज़ोर से, साहब," गेंदाबाई मागून म्हणाली. "ऊँचा सुनती हैं."

सरांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. कोर्टातसुद्धा न्यायाधीश त्यांना मोठ्यानं बोला म्हणून सांगायचे. त्यांनी श्वास घेतला.

"अम्मा! आपका बेटा कूदा नहीं था!"

"कौन?"

"बिहारी! बिहारी कूदा नहीं था! कचहरी में मैंने कहा था! बिना जाने कहा था! बहू का कोई दोष नहीं था!"

शेजारच्या गच्चीवर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. गल्लीतला एक स्कूटरवाला थांबला. सरांचा आवाज फाटला होता, मानेच्या शिरा टरटरून आल्या होत्या. म्हातारीनं मटारची शेंग हातात तशीच धरली. "फिर कैसे गया?" तिनं विचारलं. सर गेंदाबाईकडे बघायला लागले. तेवढं सांगायचा हक्क त्यांना नव्हता. गेंदाबाई दारातूनच मोठ्यानं म्हणाली, "मूलचंद ने धक्का दिया, अम्मा. ख़ुद बता के गया."

म्हातारी रडली. बराच वेळ, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मटार मांडीवरून घरंगळून अंगणभर झाले. मी खाली बसून ते गोळा करायला लागले, दुसरं काय करावं मला सुचेना. सर हलले नाहीत. ते एखाद्या आरोपीसारखे दोन्ही हात पुढे गुंफून, मान खाली घालून उभे होते.

मग म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. सरांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आणि मान वळवली. भिंतीकडे नाही, दाराकडे.

"बहू," ती म्हणाली, "साहब कब से खड़े हैं. खटिया खींच दे."

गेंदाबाई दारातून अंगणात आली. मग पदर कमरेला खोचला.

"हओ, अम्मा."